घाऊक क्षमा

पारिसा मास्तरांविषयी चार बरे शब्द लिहावेत असं त्यांच्या हयातीत मला कधी वाटलं नाही, आणि आता ते नसतानाही हात आखडतोच. माणूस प्रेमळ नव्हता. विद्यार्थ्यांना ते आवडत नसत, आणि ही नावड त्यांनी कधी एकतर्फी राहू दिली नाही. निपाणीच्या मराठी शाळेत मी त्यांच्या शेजारच्या वर्गावर अकरा वर्षं काढली. तेवढ्या काळात ते माझ्याविषयी एकच चांगलं वाक्य बोलले: "ह्यांचं अक्षर वाचता येतं."

बेळगावहून बदलून आलो त्या पहिल्याच दिवशी मला पाव तास उशीर झाला. हेडमास्तरांनी हसून सोडून दिलं. पारिसा मास्तर मात्र व्हरांड्यात उभे होते. उंच, वाळलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि चेहऱ्यावर आताच कुणीतरी पाय तुडवल्याचा भाव. मी सवयीनं माफ करा म्हटलं. त्यांनी कशाबद्दल ते विचारलं. उशीर झाल्याबद्दल, मी म्हणालो. उशीर कशानं झाला? मोटार संकेश्वराजवळ बंद पडली. मग माफी मोटारवाल्यानं मागायला हवी, तुम्ही का मागता, असं म्हणून ते वर्गात गेले. त्या दिवसापासून ते मला 'बेळगाववाले' म्हणू लागले. गावाचं नाव शिवीसारखं कसं उच्चारावं, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

मोघम बोलण्याचा त्यांना तिटकारा होता. 'चुकलो मास्तर' एवढं म्हणून त्यांच्या वर्गात एकही पोर सुटलं नाही. काय चुकलं, कधी चुकलं, कुणाला त्याचा त्रास झाला, हे पाटीवर लिहून आणावं लागे. ते पटलं तर मात्र तिथल्या तिथं क्षमा होई, आणि पुन्हा तो विषय निघत नसे. ज्यांना असं लिहून देता येत नव्हतं, त्यांच्यावर राग कायम राही. शिंप्यानं कोटाचा खिसा डावीकडे शिवला म्हणून सात वर्षं ते त्याच्याशी बोलले नव्हते. तो कोट मात्र रोज घालून त्याच्या दुकानावरून जात. राग साधा असला तर मराठीत बोलत, मनापासून असला तर कानडीत. धर्मानं जैन, आणि आचरण कडक. सूर्य मावळल्यावर घास घेत नसत, बटाटा-कांदा घरात येत नसे, मुंगी दिसली तर पाऊल अडे. माणसांना मारायचं काम ते शब्दांनी भागवत.

लग्न झालेलं नव्हतं. थोरली विधवा बहीण स्वयंपाक करी. तिला सगळी गल्ली आक्का म्हणे. मास्तरांशी भांडून जिंकणारं ते एकच माणूस होतं, कारण ती ऐकूनच घेत नसे.

घर होतं तंबाखूच्या एका मोठ्या वखारीला लागून. वखार भरमगोंडांची. हे दोघे एका भिंतीच्या दोन अंगांना जन्मलेले, एका पाटीवर मुळाक्षरं गिरवलेले. पुढं एकाला तंबाखू लाभली, एकाला शाळा. भरमगोंडांना मी पाहिलं तेव्हा ते नुकतेच रावसाहेब झालेले होते. पहिल्या लढाईच्या वेळी त्यांनी सरकारला कसलीशी मदत केली होती. कसली, ते सरकारच्याही लक्षात राहिलं नसावं; पण किताब आला. किताबाबरोबर डोक्याला जरीचा रुमाल, सोन्याची साखळी, दारात पट्टेवाला आणि घसा खाकरण्याची एक नवी रीतही आली. एरवी बरा असणारा माणूस किताबानं किती फुगतो, हे ज्याला पाहायचं असेल त्यानं तेव्हा निपाणीला यावं, असं मी बेळगावला पत्रातून कळवत असे.

गावानं त्यांचा सत्कार केला. मांडव, फुलांची कमान, रेशमी कापडावर छापलेलं मानपत्र. बालमित्र म्हणून पारिसा मास्तरांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. मानपत्रात 'अलौकिक कर्तृत्व' असे शब्द आले, तसा मास्तरांनी वर्गात पोरं करतात तसा हात वर केला. अध्यक्षांना वाटलं, मित्राला चार शब्द बोलायचे असतील. मास्तरांनी उठून विचारलं, कर्तृत्व कोणतं, तेवढं सांगावं, म्हणजे आम्हांला टाळ्या वाजवायला बरं. मांडवात हसू फुटलं. रावसाहेब हसले नाहीत. पण रागावलेही नाहीत. त्यांनी मास्तरांकडे असं पाहिलं, की जणू एवढ्या गर्दीत ओळखीचं एक तरी माणूस सापडलं.

मी ह्याला वैर समजत होतो. पण हे वैर चमत्कारिक होतं. शाळेत मधल्या सुट्टीत मास्तर एकदम सांगत, आज त्यानं दूध घेतलं नाही. किंवा, तीन दिवस खोकतोय, काढा घ्यायचा नाही, ही जुनीच खोड. मी माझ्या बायकोचीही एवढी खबर ठेवत नव्हतो. एकदा मी बोलून दाखवलं, की मास्तर, शत्रूच्या तब्येतीची तुम्हांला बरीच काळजी. ते म्हणाले, "तो मला धडधाकट पाहिजे हाय. आजाऱ्याशी काय भांडायचं?"

आता त्या प्रकाराकडे येतो, ज्यासाठी दरवर्षी अर्धी निपाणी मास्तरांच्या गल्लीत जमायची.

भाद्रपदात जैनांचं दहा दिवसांचं पर्व असतं. ते संपलं की एकमेकांची क्षमा मागायची. वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी, एवढंच म्हणायचं. समोरच्यानंही हात जोडून तेच म्हणायचं. पूर्वी हे देवळातल्या देवळात उरकत असे. रावसाहेबांनी किताब मिळाल्यावर घरोघर जायचं ठरवलं. पुढे बँड, मागे पन्नास माणसं, बाजूला छत्री धरणारा, आणि प्रत्येक दारात पट्टेवाला आधी वर्दी देणार की रावसाहेब क्षमा मागायला आले आहेत. नम्रतेचा एवढा गाजावाजा मी दुसरीकडे पाहिला नाही. गरीब माणसं घाबरून, त्यांनी तोंड उघडायच्या आतच क्षमा करून टाकत.

मिरवणूक मास्तरांच्या दारी आली तेव्हा मी त्यांच्या ओसरीवर पोरांचे पेपर घेऊन बसलो होतो. रावसाहेबांनी हात जोडले, घसा खाकरला, ठरलेलं वाक्य म्हटलं. मास्तरांनी चश्मा काढून पुसला आणि विचारलं, "कशाबद्दल?"

रावसाहेब गोंधळले. "कशाबद्दल म्हंजे? आपलं... सगळ्याबद्दल."

"हितं घाऊक मिळत न्हाय," मास्तर म्हणाले. "तुझ्या वखारीत मिळत आसंल. किरकोळीनं माग. काय केलंस ते सांग, माफ करतो."

बँडवाले वाजवायचे थांबले. रावसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आठवत नाही म्हणाले. आठवलं की ये, असं सांगून मास्तरांनी दार लावून घेतलं.

एखाद्याला वाटेल, रावसाहेब पुन्हा फिरकले नसतील. पुढच्या वर्षी ते आले, आणि तयारी करून आले. तुझ्या मागच्या परड्याची हद्द दोन हात सरकवून वखारीच्या भिंतीत घेतली ती मीच, म्हणाले. मास्तरांना ह्याचा पत्ताच नव्हता. बारा वर्षं ते त्या परड्यात चालत होते आणि पावलं कमी का पडतात ह्याचा विचार करत होते. त्यांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले, "आज कळलं, आज माफ. पण ते नव्हं."

म्हणजे दुसरं काहीतरी होतं. आता गावालाही गोडी लागली. त्याच्या पुढच्या वर्षी रावसाहेबांनी सांगितलं, की मास्तरांची हेडमास्तरकी दोनदा आली होती आणि दोनदा त्यांनीच स्कूल बोर्डात शब्द टाकून अडवली. का अडवली ते सांगितलं नाही, आणि नवल म्हणजे एरवी प्रत्येक गोष्टीचा कीस काढणाऱ्या मास्तरांनी विचारलंही नाही. हेडमास्तर झाले असते तर त्यांची बदली झाली असती, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. "माफ. ते नव्हं," एवढं म्हणून ते आत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत असं आक्का म्हणाली.

एक गोष्ट मी नाइलाजानं नोंदवतो. वर्षागणिक मिरवणूक लहान होत गेली. आधी बँड गेला. मग छत्रीवाला गेला. पट्टेवाल्याला गल्लीच्या तोंडाशी थांबवू लागले. गर्दी मात्र वाढतच होती, पण ती मास्तरांच्या बाजूची, बघ्यांची. चौथ्या की पाचव्या वर्षी रावसाहेब एकटे चालत आले. रुमाल साधा होता. पायरीशी उभे राहिले. मग खाली बघत म्हणाले, "बोरगावची सोयरीक. तुला फेफरं येतंय म्हणून पोरीच्या बापाला मी सांगितलं."

ती मुलगी मास्तरांनी पाहिली होती, पसंतही केली होती, आणि एकाएकी तिकडून नकार आला होता. त्यानंतर त्यांनी दुसरी मुलगी पाहिलीच नाही. मला वाटलं, आता मास्तर रावसाहेबांच्या अंगावर जातील. तेवढ्यात आक्काच स्वयंपाकघरातून बाहेर आली, पिठाच्या हातानं.

"पारिसा, ह्याला माफ करशील तर बघ," ती म्हणाली. "पंचवीस वर्सं मी तुझ्यापुढं चूल फुंकतोय ती ह्याच्यापायी व्हय? मला म्हाईत न्हवतं रं."

"तू मधी पडू नगं, आक्का. ही आमची दोघांची गोष्ट हाय."

"आन् मी कोन? चुलीतलं लाकूड?"

मास्तर रावसाहेबांकडे वळले. आवाज अगदी बारीक निघाला. "माफ," ते म्हणाले. "पण ते नव्हं."

त्या वर्षापासून रावसाहेब आले की आक्का त्यांना पाणी विचारत नसे. ते दरवर्षी येत राहिले आणि दरवर्षी काही ना काही कबूल करत राहिले. एका माणसानं दुसऱ्याचं एवढं वाईट केलेलं असू शकतं, आणि तेही कसला फायदा नसताना, ह्याचा गावाला अचंबा वाटे. सगळं माफ होत होतं. जे हवं होतं तेच तेवढं येत नव्हतं.

ते काय, हे मास्तरांनी मला एकदा सांगितलं. विचारलं म्हणून नव्हे; मी त्यांचा एक शब्द मोघम आहे असं दाखवून दिलं, त्याच्या रागात. दोघं पाचवीला असताना बेळगावला कॅम्पात गोऱ्या सोजिरांसाठी तंबूतला बायस्कोप आला होता. हलती चित्रं. भरमूच्या, म्हणजे रावसाहेबांच्या, काकाचा तंबाखूचा खटारा तिकडं जाणार होता. भरमूनं सांगितलं, तांबडं फुटायला नाक्यावर ये, दोघं जाऊ. पारिसा भाकरीचं फडकं घेऊन नाक्यावर दुपारपर्यंत उभा राहिला. खटारा आदल्या दिवशीच गेला होता. पाच दिवसांनी भरमू परत आला. पुढं महिनाभर तो सगळ्या पोरांना ती चित्रं सांगे, आगगाडी अशी आली, घोडा असा उधळला. "आन् मी गेलो की गप्प बसायचा," मास्तर म्हणाले. "मी सोडून समद्यांना सांगितलं त्यानं."

एवढंच. मी हसलो नाही, ह्याचं श्रेय मला द्यायला हरकत नाही. लग्न मोडल्याची क्षमा तिथल्या तिथं करणारा हा माणूस बायस्कोप विसरायला तयार नव्हता. मी म्हटलं, मग त्यांना हे सांगून का टाकत नाही? त्यांनी माझ्याकडे ढ पोराकडे बघावं तसं पाहिलं. "मी सांगायचं? त्याला आठवाया पाहिजे."

दुसरी लढाई संपली त्या वर्षी रावसाहेबांच्या पोटात गाठ निघाली. बेळगाव-मिरजेच्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर त्यांनी सल्लेखना घेतली. म्हणजे अन्न, मग दूध, मग पाणी, असं एकेक सोडत, देवाचं नाव घेत शांतपणे देह ठेवायचा. व्रत घेताना सगळ्यांची क्षमा मागायची असते, मनात कुणाविषयी काही राहू द्यायचं नसतं. पंडित उशाशी बसले. गावातली माणसं रांगेनं येऊन क्षमा करून, मागून गेली. मास्तर गेले नाहीत.

दोनदा निरोप आला. तिसऱ्यांदा पंडितांनी मला पाठवलं. रावसाहेबांच्या मनाला तेवढी एकच गाठ राहिली आहे, आणि ती सुटल्याशिवाय त्यांना जाणं जड होईल, असं त्यांचं म्हणणं. मास्तर वह्या तपासत होते. "तो येत आसतो. मी जात न्हाय," ते म्हणाले. मी म्हटलं, आता ते येऊ शकत नाहीत. "मग बरं वाटल्यावर येऊ दे." हे बोलताना त्यांनी तपासून झालेली वही पुन्हा उघडली, पण मान वर केली नाही.

आक्का दाराशी उभी होती. सहा-सात वर्षं त्या माणसाला पाणी न विचारलेली ही बाई म्हणाली, "जा रं. न्हाय गेलास तर त्यो मरंल, आन् जल्मभर तू माझं डोकं खाशील."

तेव्हा ते उठले.

रावसाहेब जमिनीवर चटईवर होते. रुमाल नाही, साखळी नाही. उरला होता तो बिगरीतला भरमूच असावा, कारण मास्तर त्याच्याशी त्याच भाषेत बोलले. नमस्कार नाही, विचारपूस नाही. "सांग," म्हणाले.

रावसाहेबांनी डोळे उघडले. बोलायला वेळ लागत होता. "तंबूचं," ते म्हणाले. "बायस्कोपचं."

मास्तर भिंतीला टेकले. "आज आठवलं व्हय?"

"पयल्या वर्सापास्नं ठावं हाय."

"मग सांगितलं न्हाईस ते?"

"सांगितलं आसतं, तर तू माफ केलं आसतंस की."

पंडित गडबडले. व्रतस्थ माणसाच्या तोंडी असली भाषा त्यांच्या पोथीत नव्हती. रावसाहेब पुढं म्हणाले, की काकानं एकाच पोराला घेईन म्हणून आदल्या दिवशीच खटाऱ्यात घातलं. आणि मग, थोडं थांबून, "मी बी बघितला न्हाय, पारिसा. हत्तरगीला खटाऱ्याचा आस मोडला. चार दीस तितंच होतो. पोरांना सांगितलं ते समदं मनचं. तुझ्याम्होरं खोटं सांगाया येत न्हवतं, म्हणून गप बसायचो."

मला वाटतं, एखाद्या पुस्तकात इथं दोघे गळ्यात पडले असते. पारिसा मास्तर संतापानं लाल झाले. चाळीस वर्षं मी ज्याच्यावर जळलो ते तू पाहिलंच नाहीस? आणि अकरा वर्षं दारात येऊन, ठाऊक असून, मला खेळवलंस? मराठी पुरेना तेव्हा ते कानडीवर गेले. पंडितांनी कानावर हात ठेवले. "ह्याला क्षमा न्हाय," असं शेवटी मराठीत सांगून मास्तर बाहेर पडले. चटईवर रावसाहेबांचं पोट हलत होतं. कळ आली असेल म्हणून मी वाकलो, तर ते हसत होते.

वखारीच्या अंगणात शंभर माणसं बसली होती. मास्तर दिसताच एक म्हातारा उठला आणि त्यानं विचारलं, दिलीसा काय क्षमा?

"दिली," मास्तर म्हणाले. "समद्याची."

त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. रस्त्यावर आल्यावर मी तसं म्हणालो. ते चालता चालता थांबले. "मग काय सांगू? क्षमा मिळाली न्हाय म्हटलं, तर मेल्यावर लोक त्याला नावं ठेवतील. त्याला नावं ठेवायचा हक माझ्या एकट्याचा हाय, बेळगाववाले."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते पुन्हा वखारीत गेले. कुणी बोलावलं नव्हतं. राहिलेलं बोलायचंय, असं त्यांनी पंडितांना सांगितलं आणि चटईशेजारी मांडी घातली. बिगरीच्या वर्गापासून सुरुवात करून इयत्तेइयत्तेनं पुढं निघाले. पाटी कुणी फोडली आणि मार कुणी खाल्ला, वेदगंगेत पोहताना धोतर कुणी लपवलं, एकेक कलम घेऊन ते भांडू लागले. पंडितांनी हरकत घेतली, की आता ह्यांच्या कानावर णमोकार मंत्र पडायला हवा. रावसाहेबांनी एक बोट हलवलं, बोलू दे. शेवटी तडजोड झाली. एका कानाशी पंडित मंत्र म्हणत आणि दुसऱ्या कानाशी मास्तर भांडत. रोज दीड तास. मास्तर चुकीचं काही बोलले की ते बोट आडवं हलायचं, आणि मास्तर आणखी चिडायचे.

नवव्या दिवशी मी सोबत होतो. ऊन खिडकीतून चटईवर आलं होतं. मास्तर एका भोवऱ्यावरून तावातावानं बोलत होते; तो भोवरा कुणाचा होता, दोरीची जाळी कुणाची होती, आणि तो आडात कुणी टाकला. पंडितांचा मंत्र थांबला. त्यांनी रावसाहेबांच्या नाकाशी हात धरला, मग माझ्याकडे पाहिलं. दारातल्या बायकांना कळलं. मास्तरांचं बोलणं चालूच होतं. पंडितांनी हलकेच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मास्तर, संपलं.

मास्तरांनी तो हात झटकला.

"संपलं कसं?" ते म्हणाले. "आजून चवथीच चाललीया."